व्हिटलॉकच्या गळ्यातला हार

सिंगापुरात, क्लेमेंटीतल्या पद्माकरकाकांच्या फ्लॅटमधली एक खोली रत्नदीपकडे भाड्यानं होती. पीएचडीचं शेवटचं वर्ष. विषय एझ्रा व्हिटलॉक. पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा, अमेरिकेतल्या एका गावातला वकील, पुढे आमदार. पळून आलेल्या गुलामांच्या केसेस फुकट लढायचा. काकांनी एवढंच ऐकलं आणि महिन्याच्या बुद्धवंदनेनंतर रत्नदीपचं भाषण ठेवून टाकलं.

रविवारी तो हॉलमध्ये आला आणि थबकलाच. टेबलावर बुद्ध, बाबासाहेब आणि शेजारी, त्याच मापाच्या फ्रेममध्ये, व्हिटलॉक! गळ्यात झेंडूचा ताजा हार.

"काका, हा फोटो काढा."

"का? आपलाच माणूस आहे."

"नाही. परवाच विधानसभेचे जुने कागद मिळाले. काळ्या माणसांनी राज्यात वस्ती करू नये, असा कायदा आला होता. यानं त्या कायद्याच्या बाजूनं मत दिलं. वर म्हणाला, कोर्टात मी त्यांचा वकील, पण माझ्या गल्लीत शेजारी नकोत."

"मग तेवढं सोडून बोल." काका दात आवळून हसत होते. पंचवीस माणसं समोर बसली होती. "मी सगळ्यांना फोन करून बोलावलंय. माझी शोभा करतोस?"

"फोटो तिथे असेल तर मी बोलणार नाही."

"टेक इट डाउन लाह, बाबा," काकांची मुलगी दीक्षा सोफ्यावरून म्हणाली.

"तू गप्प!" काका रत्नदीपच्या अंगावर आले. "माझ्याच घरात राहून मला अक्कल शिकवतो? पाच घरमालकांनी 'इंडियन नको' म्हणून फोन आपटले होते तुझ्या तोंडावर. विसरलास? तेव्हा कोणी घेतलं रे तुला?"

"तुम्हीच घेतलं. आणि ते फोन विसरलो नाही, म्हणूनच म्हणतोय."

"हात लावलास त्याला, तर महिनाअखेर खोली रिकामी कर. जा तिकडे शहराच्या टोकाला, वुडलँड्सला, नाहीतर कुठेही मर."

कोणी काकांना आवरलं नाही. रत्नदीपला खोलीतलं टेबल आठवलं, खिडकीतून दिसणारा बसस्टॉप आठवला. मग त्यानं हार काढून बुद्धासमोर ठेवला, फ्रेम उचलली आणि दाराबाहेर चपलांच्या रॅकवर पालथी घातली.

आत येऊन त्यानं भाषण सुरू केलं. त्या मतापासूनच.

काका पाठ फिरवून उभे राहिले. चहाच्या वेळी त्याला कप कोणी दिला नाही.

संध्याकाळी त्यानं वुडलँड्सच्या एका खोलीसाठी फोन लावला. पलीकडचा पहिलाच प्रश्न:

"यू इंडियन, आह?"

"येस," रत्नदीप म्हणाला, आणि फोन आपटल्याचा आवाज येईपर्यंत कानाला धरून राहिला.