सहा चित्रं आणि एक अबोला

“ही तं म्हशीची कास हाय!”

मित्रांनो, वाशीमच्या एका दवाखान्यात माझ्याबद्दल निघालेले हे पहिले शब्द. लकव्याच्या पेशंट रुपाबाईंचे. साक्षी डॉक्टरांनी बोट ठेवलं होतं ते खरं तर हातमोज्यावर! डॉक्टर हसून म्हणाल्या, “आजींची वाचा तरी शाबूत आहे.”

तेव्हा मी नवाकोरा होतो, आता म्हातारा झालो. मी एक चित्रांचा तक्ता. हातमोजा, किल्ली, पीस, खुर्ची, झोळी, निवडुंग अशी सहा चित्रं अंगावर मिरवत, वरून प्लास्टिक पांघरून मी छापखान्यातून आलो. लकवा मारलेल्या माणसाला आधी हसायला सांगतात, हात उचलून धरायला लावतात, महिना आणि वय विचारतात. मग मला पुढं करतात. शब्द किती राहिले, किती हरवले, ते माझ्यावरून कळतं. एवढा माझा मान! पण काम सरलं की नातेवाईक माझ्यानंच वारा घेतात. माझ्या खुर्चीच्या चित्रावर तर चहाच्या कपाचा गोल कायमचा बसला आहे.

परवा दुपारी एक वाजता जऊळक्याहून उकंडरावांना आणलं. तोंड वाकडं, उजवा हात लुळा. मेंदूचा फोटो काढला, आत रक्त सांडलेलं नव्हतं. डॉक्टरांनी मला समोर धरलं.

“बाबा, हे काय आहे?”

किल्लीकडं पाहून त्यांचे ओठ थरथरले. शब्द आला, पण जिभेच्या उंबऱ्यावरच थबकला, नव्या जावयासारखा.

“आजी, यांची वाचा कधी गेली?”

“मले काय ठाऊक?” त्यांची बायको भागिरथाबाई म्हणाल्या. “आमची दोन दिसापासून बोलचाल बंद. मले वाटलं, रुसून राह्यले. जेवाचं ताट आपटलं तरी मान वर नाही, तवा पाह्यलं तं तोंड वाकडं!”

“बोलचाल बंद? का बरं?” डॉक्टरांनी विचारलं.

“व्याह्यापुढं माह्या ठेच्याले फिका म्हणे हे!”

उकंडरावांनी डोळे मिटून घेतले.

“आजी, मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लकवा मारल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. वेळ कळली नाही तर माझे हात बांधलेले. हे शेवटचं धड कधी बोलले?”

भागिरथाबाई पदरानं नवऱ्याचं वाकडं तोंड पुसू लागल्या.

मित्रांनो, माझा खुशाल पंखा करा, माझ्यावर कप ठेवा. पण घरात कुणाचं तोंड वाकडं दिसलं, बोलणं अडखळलं, तर आधी घड्याळ पाहा आणि लगेच दवाखाना गाठा. आणि अबोला धरलाच, तर तोंडाचा धरा, कानाचा नको.

“आजी, दीड वाजला,” डॉक्टर म्हणाल्या. “कोणाशी तरी बोलले असतीलच ना?”

भागिरथाबाईंनी नवऱ्याचा लुळा हात मांडीवर घेतला.

“आज साडेअकराची गाडी टेसनात भोंगा वाजवून राह्यली होती. तवा हे मले साफ बोलले, ‘चुकलं माहं, भागे. ठेचा झणझणीत होता.’ आन् मी... मी आयकून न आयकल्यावानी केलं, बाई.”