काट्यावर ठेवून मला शून्य केले

मित्रांनो, मी एक जुना कप आहे आणि मला कान नाही. धरायला असतो तो माझा कान फार पूर्वीच तुटला. पण माझी तक्रार कानाबद्दल नाही, उलट तो तुटला तेव्हाच माझे नशीब उघडले. माझे दुःख वेगळे आहे. ज्या हातांनी मला सर्वांत जपून धरले, त्याच हातांनी माझा केसाने गळा कापला.

चिनीमातीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. ओली माती साच्यात बसली, भट्टीत भाजली, अंगावर पांढरी चकाकी चढली आणि काठाशी एक निळी रेघ आली. आम्ही सहा भाऊ होतो. आमचा साचा जरा ढोबळ होता, त्यामुळे आम्ही इतर कपांपेक्षा अंगाने भरलेले निघालो. "एवढा चहा पितो कोण?" असे म्हणून दुकानदाराने आम्हाला मागच्या फळीवर ढकलले. मग कोणीतरी आम्हाला एका लग्नात भेट म्हणून दिले आणि आम्ही आईच्या घरी आलो.

आई म्हणजे दोन मुलींची आई. थोरलीला घरात ताई म्हणत आणि धाकटीला छोटी. माझे भाऊ एकेक करून फुटले. माझा कान छोटीने तोडला. मला नळावर आपटून वाजवायचा तिला भारी नाद होता.

"टाकून दे आता तो," ताई म्हणाली.

आईने माझ्या काठावरून बोट फिरवले. "काठ शाबूत आहे की. राहू दे मैद्याच्या डब्यात."

त्या दिवसापासून मी चहाचा कप राहिलो नाही, माप झालो.

मुलींचे बाबा लवकर गेले. आईने घरीच केक करून द्यायला सुरुवात केली. तिचा संत्र्याचा केक सगळ्या गल्लीला ठाऊक होता. मैदा तीन कप, साखर दोन कप, वितळवलेले लोणी एक कप, संत्र्याचा रस अर्धा कप आणि अंडी चार. कप म्हणजे मी. आईची भरायची एक रीत होती. ती मैदा आधी चाळायची, मग चमच्याने उचलून माझ्यात हलकेच सोडायची आणि सुरीच्या पाठीने वरचा ढीग सपाट करायची. मला कधी आपटायची नाही, दाबायची नाही. मैदा माझ्यात असा बसायचा की जणू नुकताच झोपी गेला आहे आणि त्याला उठवायचे नाही.

खालच्या मजल्यावर शिंपीणबाई राहायच्या. एकदा त्यांनी कृती विचारून घेतली आणि आपल्या घरच्या कपाने केक केला. दुसऱ्या दिवशी ताटली घेऊन वर आल्या त्या हसतच.

"अहो, हा केक नव्हे, गोड आम्लेट झालंय! तुम्ही काहीतरी लपवलंत हं."

"लपवते कसली! तुमचा कप दाखवा बघू." आईने त्यांचा कप माझ्याशेजारी ठेवला. तो माझ्या खांद्याला लागत होता. "हे बघा, तुमचा कप लहान. मैदा कमी, साखर कमी, लोणी कमी पडलं. पण अंडी मात्र चारच्या चार. मग आम्लेट नाही तर काय होणार? मी कप म्हणते ना, तो हा कप."

हा कप! मित्रांनो, ते दोन शब्द ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

वर्षे गेली. ताईला विमा कंपनीत नोकरी लागली. लग्न होऊन ती दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेली. छोटी चष्म्याच्या दुकानात काम करू लागली आणि आईजवळच राहिली. मग एका सकाळी आईच्या हातून चमचा गळून पडला. तिने तो उचलायला हात पुढे केला, पण हात पुढे आलाच नाही. पक्षाघाताच्या त्या झटक्यात उजवा हात गेला आणि बोलणेही अडखळू लागले. भट्टी थंड झाली. मी डब्यात पडून राहिलो.

एका संध्याकाळी दोघी बहिणी स्वयंपाकघरात बसल्या होत्या. आई खुर्चीवर होती.

"दुकान काढू या का गं?" ताई म्हणाली. "आईचा केक असा वाया जाऊ द्यायचा?"

छोटीचे डोळे चमकले. "खरंच? दोघी मिळून?"

"नाही तर काय! पण कपाने नाही हं जमायचं. पन्नास केक करायचे तर कप मोजत बसणार का आपण? सगळं ग्रॅममध्ये उतरवलं पाहिजे. मी वजनकाटा आणते."

"रविवारी करू. आईसमोरच करू. तिला सांगता येईल, बरोबर की चूक."

आईने डाव्या हाताने दोघींचे हात एकावर एक ठेवले. खरे सांगतो, मला वाईट वाटले नाही. आईच्या चवीचे वजन व्हायचे असेल तर ते माझ्यातूनच होणार होते. रविवारची वाट पाहणारा त्या घरात मीही होतो.

पण ताईने रविवारची वाट पाहिली नाही. छोटी आईला व्यायामासाठी दवाखान्यात घेऊन गेली होती. भर दुपारी ताई एकटीच आली. पिशवीतून तिने काचेचा चपटा वजनकाटा काढला. मला कोमट पाण्याने धुतले, मऊ फडक्याने आतून बाहेरून पुसले, उजेडात धरून पाहिले. लहानपणी मला टाकून द्या म्हणणारी हीच ती ताई? मला भरून आले. वाटले, उशिरा का होईना, हिला माझी किंमत कळली.

तिने मला काट्यावर ठेवले. आकडा उमटला. ते माझे वजन होते, आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मोजलेले. तेवढ्यात तिने एक बटण दाबले आणि आकड्याच्या जागी शून्य आले. मी तिथेच होतो, तसाच जड होतो, पण काट्याच्या लेखी मी नव्हतोच.

मग तिने मला मैद्याच्या डब्यात खुपसले. भरभरून वर काढले, ओट्यावर दोनदा आपटले, वर आणखी मैदा टाकला आणि तळहाताने दाबला. माझा श्वास कोंडला. हे आईचे भरणे नव्हे! साखर दाबली तरी फारशी दबत नाही. वितळलेले लोणी तर पाण्यासारखे, जेवढ्यास तेवढे. पण मैदा लबाड असतो. हलका सोडला तर एकशे चाळीस ग्रॅमवर माझा काठ गाठतो, आणि ठासून भरला तर त्याच काठाखाली एकशे पंचाहत्तर ग्रॅम मावतो. मला बोलता आले असते तर घसा फोडून सांगितले असते. ताईने एकशे पंचाहत्तर हा आकडा मोबाइलमध्ये टिपला. मग तिने फोन कानाला लावला.

"हो, सगळं उतरवून झालं. उद्यापासून तुमच्या भट्टीत करून बघू... नाही, बहिणीला नाही सांगितलं. ती भावनिक आहे हो, प्रत्येक गोष्टीत आई-आई करत बसेल. भागीदारी आपल्या दोघांतच ठेवू."

पलीकडे कोपऱ्यावरचा बेकरीवाला होता. ताईने ओटा पुसला, काटा पिशवीत टाकला आणि मला डब्याऐवजी सिंकखालच्या कप्प्यात सारून ती निघून गेली. मित्रांनो, तेव्हा मला ते धुणे, पुसणे, उजेडात धरणे सगळे कळले. पुन्हा कधी हात लावावा लागू नये, म्हणून तिने मला एवढ्या काळजीने हात लावला होता.

रविवारी छोटीने मला शोधून काढले. "हा इथे कसा आला?" ती पुटपुटली. तिने टेबल मांडले. मैदा, चाळणी, संत्री. आईला केस विंचरून खुर्चीवर बसवले. दोघी दाराकडे पाहत राहिल्या. शेवटी ताईचा फोन आला.

"आज नाही गं जमत, पाहुणे आलेत. बघू पुढे."

पुढचा रविवार आला, त्याच्या पुढचाही. छोटी प्रत्येक वेळी टेबल मांडायची आणि प्रत्येक वेळी आवरायची.

मग एके दिवशी शिंपीणबाई जिना चढून आल्या. हातात झकपक खोका. "काय गं छोटे, दुकान सुरू केलंत आणि आम्हाला पत्ता नाही? बेकरीच्या काचेत बघितलं आणि उचलूनच आणला."

खोक्यावर ठळक अक्षरांत छापले होते, 'आईचा संत्र्याचा केक'. खाली आईचा तरुणपणचा फोटो होता, हातांना पीठ लागलेला. छोटी तो खोका हातात घेऊन उभी राहिली. तिला यातले काहीच ठाऊक नव्हते, हे शिंपीणबाईंच्या लक्षात आले आणि त्या हळूच जिना उतरून गेल्या.

छोटीने एक तुकडा आईच्या तोंडात घातला. आई बराच वेळ चावत राहिली. मग पाण्याकडे बोट दाखवून तिने महत्प्रयासाने एकच शब्द उच्चारला.

"कोरडा."

काही आठवड्यांनी ताई स्वतःच आली. आली तीच तावातावाने. पिशवीतला वजनकाटा काढून तिने टेबलावर ठेवला.

"एकदा केक नेलेला माणूस दुसऱ्यांदा घेत नाही. बेकरीवाला मला बोल लावतोय. काय लपवलंयस तू?"

"मी?" छोटी म्हणाली. "तू मला काही विचारलंस कधी?"

ताईने मला उचलले आणि छोटीच्या तोंडापुढे नाचवले. "मग हा कपच खोटा आहे! मापांचे सगळे तक्ते म्हणतात, एक कप मैदा म्हणजे सव्वाशे ग्रॅम. आणि हा बघ, पावणेदोनशे! याच्या नादी लागून माझी फसगत झाली."

आयुष्यभर ज्याने एका कणाने दगा दिला नाही, त्याला खोटा म्हणत होती ती. खुर्चीतून आई हुंकारली. डाव्या हाताने ती चाळणीकडे खुणा करत होती.

छोटी उठली. मला रिकामा ताईच्याच काट्यावर ठेवून तिने आकडा शून्य केला. मैदा चाळला. चमच्याने माझ्यात सोडला. सुरीच्या पाठीने काठ साफ केला. मग तिने मला पुन्हा काट्यावर ठेवले. एकशे चाळीस.

"तीन कपांत तुझा शंभर ग्रॅमच्या वर मैदा जास्त जातोय," ती म्हणाली. "घे. लिहून घे."

ताई आकड्याकडे पाहत राहिली. आवाज खाली आला. "हे आधीच सांगितलं असतंस तर..."

"आधी म्हणजे कधी गं ताई? रविवारी? मी टेबल मांडून बसले होते."

"मग आता तरी ये ना दुकानात. तुझाही हिस्सा ठेवू."

"तुला आकडा दिला तो खोक्यावर आईचा फोटो आहे म्हणून. तिच्या नावाने कोरडा केक कुणी खाऊ नये. बाकी मला काही नको."

ताईचे दुकान पुढे छान चालले. वजनकाटा ती त्या दिवशी टेबलावरच विसरून गेली आणि न्यायला कधी आली नाही. छोटीने तो आईपुढे ठेवला. माझ्यात मैदा भरायला दोन हात लागतात, एक धरायला आणि एक सपाट करायला. काट्यावरच्या भांड्यात मात्र एका हातानेही मैदा सोडता येतो. आई आता डाव्या हाताने, आकड्याकडे पाहत, चमचा चमचा सोडते. एकशे चाळीस, त्याच्या तिप्पट. तिचा केक पुन्हा फुलतो. मी तिचे हसू पाहतो आणि मूग गिळून बसतो, कारण त्यात माझी गरज उरलेली नाही, आणि याबद्दल रागवावे तरी कोणावर?

मी आता सिंकखाली असतो. तिथला पाइप गळतो, त्याचे थेंब माझ्यात पडतात. भरलो की छोटी मला ओतते आणि परत ठेवते. ताई अधूनमधून येते. बेल वाजवते आणि दार उघडेपर्यंत पाहुण्यासारखी पायपुसण्यावर उभी राहते.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे माप असेल, कोणाच्या तरी हाताला सवय झालेले. त्याचे ग्रॅम जरूर करा. पण ते एकट्याने, गुपचूप करू नका. ज्या हाताने ते भरले, त्या हाताला शेजारी बसवा आणि विचारा. आमच्या ताईने विचारले असते, तर त्या घरात नाही म्हणणारे कोणीच नव्हते.