टेबलाच्या पायाखालची वर्गणी

हवाई सेविकांच्या युनियनच्या खजिनदारांना सगळ्या पावतीताई म्हणत, आणि ताईंना ते नाव आवडायचं. आवडणारच. तेवीस वर्षं विमानात चहा ओतून कुणाला पदवी मिळत नाही. ही त्यांना मिळाली होती.

एका जुन्या संपानंतर कंपनीने पगारातून वर्गणी कापून द्यायचं बंद केलं. तुमची वर्गणी, तुम्हीच गोळा करा! आता गोळा करायची तर सभासद सापडायला हवेत, आणि हे सभासद म्हणजे आज इथे तर उद्या भलतीकडेच. युनियनच्या कार्यालयात वाट बघत बसलं तर वर्षाला चार जणी येतील, त्याही पंख्याखाली टेकायला. म्हणून जिथे गाठ पडेल तिथे वर्गणी घ्यायची. क्रूच्या बसमध्ये, हॉटेलच्या लिफ्टपाशी, नाहीतर विमानाच्या मागच्या गॅलीत, म्हणजे खाण्यापिण्याच्या तयारीच्या कोपऱ्यात, ट्रॉल्यांना पाठ टेकवून. आणि पाकीट म्हणून सीटच्या खिशातली उलटीची पिशवी. कोरी, जाड कागदाची, वरून दुमडता येणारी. तिच्यावर नाव, तिमाही आणि तारीख लिहायची, आत नोटा घालायच्या आणि ताईंच्या हातात द्यायची. "ताई, आमची ओकारी घ्या," म्हणून पोरी खिदळायच्या. ताई हसायच्या नाहीत. जॅकेटच्या खिशातून पावतीपुस्तक काढून तिथेच, उभ्या उभ्या, पावती फाडायच्या.

त्यांचे हिशेब आरशासारखे लख्ख. सलग दोन तिमाह्या वर्गणी आली नाही की यादीतून नाव गळायचं, आणि नाव गळलं की कंपनीच्या चौकशीत युनियनचा माणूस शेजारी बसायचा नाही. हा नियम ताईंनीच सभेत मांडून, भांडून मंजूर करून घेतला होता. फुकट्यांना आळा बसला पाहिजे, हे त्यांचं आवडतं वाक्य.

या नियमात यंदा अडकली टाचणी. खरं नाव वेगळं, पण अंगाने इतकी किरकोळ की पहिल्याच दिवशी कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं. आईच्या ऑपरेशनसाठी तिने तीन महिने बिनपगारी रजा काढली होती. परत आल्यावर दोन महिन्यांत तिच्यावर बालंट आलं.

विमान थांबलं की प्रत्येकीने आपल्या दाराचा खटका बदलायचा असतो. तो तसाच राहिला आणि आतून कुणी दार उघडलं, की संकटकाळची घसरगुंडी फुस्सदिशी फुगून बाहेर पडते. मागच्या डाव्या दाराची अशीच बाहेर पडली. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. दार टाचणीचं होतं. "मी खटका बदलला होता, समोरच्या दारावरचीने बघितलाही होता," ती सांगत होती. मग एका आजारी आजोबांना धरून न्यायला तिला पुढे बोलावलं होतं. त्या पाच-सात मिनिटांत मागे कोण होतं, खटक्याला कुणाचा हात लागला, हे कंपनीला शोधायचं नव्हतं. समोरची म्हणाली, मला नक्की आठवत नाही. झालं.

टाचणी युनियनकडे धावली. कार्यकारिणी बसलेली होती. ताईंनी यादी उघडली आणि बोट फिरवलं. नाव नव्हतं.

"पण मी दोन्ही तिमाह्यांची वर्गणी दिली होती, ताई. तुमच्याच हातात. रजेवरून आल्यावरच्या पहिल्या फ्लाइटला, उतरताना."

"मग पावती दाखव."

"तुम्ही म्हणालात, उतरल्यावर देते."

"मी? पावतीशिवाय पैसे घेतले? मी?"

टेबलाभोवती सगळे हसले. अध्यक्ष तर मान मागे टाकून हसले. पावतीताई आणि पावतीशिवाय! टाचणी कावरीबावरी झाली. हातातल्या रुमालाशी चाळा करत ती हळूच म्हणाली, "मग माझीच काहीतरी गफलत झाली असेल. आईच्या दुखण्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

ताईंनी यादी मिटली. त्या क्षणी त्यांना काहीच आठवलं नव्हतं, हे खरं. पण आठवून बघायची तसदीही त्यांनी घेतली नव्हती, हेही तितकंच खरं. सगळे आपल्या बाजूने हसत असताना कोण कशाला आठवत बसतं?

चौकशीच्या दिवशी ताईंना सुट्टी होती. त्यांच्या घरचं जेवणाचं टेबल गेले चार महिने डुगडुगत होतं, आणि यजमानांनी त्याच्या एका पायाखाली ताईंचं जुनं हँडबुक सरकवून ठेवलं होतं. कंपनीने सुरक्षेच्या सूचनांचं नवं पुस्तक दिल्यापासून जुन्याला तेवढंच काम उरलं होतं. त्या सकाळी यजमानांना एकदाचा मुहूर्त लागला. त्यांनी पायाला लाकडाचा तुकडा ठोकला, हँडबुक उचललं, झटकलं आणि म्हणाले, "अगं, यात तुझी उलटीची पिशवी आहे बघ. वापरलेली नाही ना?"

पिशवी चपटी झाली होती. तिच्यावर टाचणीच्या बारीक अक्षरात तिचं नाव होतं, दोन तिमाह्या होत्या, तारीख होती. आत नोटा होत्या.

ताईंना मग सगळं लख्ख आठवलं. पट्ट्याचा दिवा लागलेला, विमान गचके खात उतरत होतं. दोघी मागच्या घडीच्या सीटवर खांद्याला खांदा लावून बसलेल्या. टाचणीने पिशवी पुढे केली, ताईंनी ती मांडीवरच्या हँडबुकात खुपसली आणि म्हणाल्या, "उतरल्यावर पावती देते." उतरताना एक बाळ रडून रडून निळं पडलं, त्याच्या गडबडीत राहून गेलं. चार महिने त्या याच टेबलावर जेवत होत्या. याच टेबलावर वह्या पसरून त्यांनी टाचणीच्या नावावर तांबडी रेघ मारली होती.

"काय झालं? पांढरी का पडलीस?" यजमानांनी विचारलं.

"मी एका पोरीला खोटं पाडलं हो," ताई म्हणाल्या आणि फोन शोधायला लागल्या.

अध्यक्षांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण निवडणूक पुढच्या महिन्यात होती आणि ताईंच्या चोख हिशेबावर त्याची अर्धी मतं उभी होती. "हे बघा, घाबरायचं काही कारण नाही. मी आत्ता पत्र लिहून ठेवतो, जाताना कार्यालयातून घ्या. कारकुनी चुकीमुळे नाव गळलं होतं, सभासदत्व चालू आहे. तुम्हीच तिच्या शेजारी बसा. पिशवीचं मात्र कुणाला सांगू नका. काम झाल्याशी मतलब. आपल्या हाताने आपली अब्रू कशाला घालवायची?"

ताई हो म्हणाल्या. लाज वाटली, पण त्या लाजेखाली सुटल्याचा एक छोटासा आनंदही होता, आणि रिक्षात बसल्यावर त्यांना त्या आनंदाचीच जास्त लाज वाटली. पिशवी पर्समध्ये होती. पर्स मांडीवर घट्ट धरून त्या बसल्या होत्या.

चौकशीची खोली म्हणजे एक लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या आणि भिंतीवर कंपनीच्या विमानाचं चित्र. चौकशी अधिकारी, एक टंकलेखक आणि टाचणी. टाचणीपुढे छापील जबाब होता आणि तिच्या हातात पेन होतं. ताईंनी घाईघाईने पत्र पुढे केलं. "कारकुनी चूक झाली होती साहेब. ही आमची सभासद आहे."

अधिकाऱ्याने पत्र वाचलं आणि खांदे उडवले. "बसा. पण आता फारसं काही उरलेलं नाही. यांनी मान्य केलंय."

"काय मान्य केलंय?"

जबाबात एकच ओळ महत्त्वाची होती. खटका बदलायचं माझ्याकडून राहून गेलं असण्याची शक्यता आहे. त्यावर सही झाली की टाचणीचं उडणं संपलं. खाली काउंटरवर बदली, पगार निम्मा.

"अगं, तू तर बदलला होतास ना?" ताईंनी दबक्या आवाजात विचारलं.

टाचणी त्यांच्याकडे बघून कसनुशी हसली. "मला वाटत होतं, ताई. अगदी शपथेवर वाटत होतं. पण वर्गणीचंही तसंच वाटत होतं की. तुम्ही पट्टा लावून शेजारी बसला होतात, मी पिशवी दिली, सगळं डोळ्यांपुढे दिसत होतं. आणि तसं काही झालंच नव्हतं! तेव्हापासून माझाच माझ्यावर भरवसा नाही. त्या कारकुनाला बोल लावू नका. चूक माझीच होती. याही वेळी माझीच असेल."

तिने पेनाचं टोपण काढलं.

कारकुनी चूक. अध्यक्षांचे दोन शब्द ताईंच्या तोंडात अजून तयार होते. ते तसेच ठेवले असते तर वह्या लख्ख राहिल्या असत्या, नावही राहिलं असतं, आणि ही पोर आयुष्यभर स्वतःला वेंधळी समजत काउंटरवर प्रवाशांच्या बॅगांना चिठ्ठ्या चिकटवत बसली असती. ताईंच्या पर्सची चेन दोनदा अडकली. त्यांनी पिशवी काढली आणि जबाबावर ठेवली.

"दिली होतीस," त्या म्हणाल्या. "अगदी तू म्हणतेस तशीच. मी हँडबुकात खुपसली आणि विसरले. ते हँडबुक माझ्या घरी टेबलाच्या पायाखाली होतं. कारकून बिरकून कुणी नाही. तुझं डोकं ठिकाणावर होतं, माझं नव्हतं. आणि चार लोकांत मी तुझं हसं होऊ दिलं."

टंकलेखकाची बोटं थांबली. टाचणीने पिशवी उचलली. आपलंच अक्षर तिने परक्या माणसाचं असावं तसं वाचलं, तारखेवरून अंगठा फिरवला, आत डोकावली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिने पडू दिलं नाही. मग तिने पेनाला टोपण लावलं.

"ताई, पावती."

ताईंनी पुस्तक काढलं. मागची तारीख घालता येत नव्हती, म्हणून आजचीच घातली, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: रक्कम चार महिन्यांपूर्वी मिळाली. पावती दिली नाही. चूक खजिनदाराची. खाली पूर्ण नाव आणि सही. टाचणीने पावती शब्द न् शब्द वाचली आणि अधिकाऱ्यापुढे सरकवली.

"ही फाइलला लावा साहेब. मी सही करणार नाही. खटका मी बदलला होता. त्या वेळी मागे जे जे होते, त्या सगळ्यांना बोलवा."

अधिकाऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "बरं. मग कामकाज रीतसर चालेल. तुमच्या प्रतिनिधी याच ना?"

ताईंनी शेजारची खुर्ची ओढली होती. टाचणीने त्या खुर्चीकडे बघितलं, ताईंकडे बघितलं नाही.

"युनियनचा माणूस मिळायचा माझा हक्क आहे ना, ताई?"

"आहे."

"मग दुसरं कुणीतरी द्या. मी थांबते."

ताई उठल्या. खुर्ची त्यांनी जशी होती तशी टेबलाखाली सारून ठेवली. बाहेर येऊन, भिंतीचा आधार घेऊन त्यांनी अध्यक्षांना फोन लावला आणि सांगितलं, दुसरं कुणीतरी लगेच पाठवा, मी सगळं बोलून गेले आहे. पलीकडून अध्यक्ष बराच वेळ ओरडत राहिले. ताई पावतीपुस्तकातली नक्कलप्रत बघत ऐकत होत्या. शेऱ्याचा रकाना अगदी स्पष्ट उमटला होता.