तीन गाठींचं माप

मी एक जुना लाल दोरा आहे, एकशे चौसष्ट सेंटिमीटर लांबीचा. माझ्या अंगावर तीन गाठी आहेत. पहिली एका टोकापासून पंचावन्नवर, दुसरी शहाऐंशीवर, तिसरी चौऱ्याण्णववर. हवा दमट झाली की माझा पीळ फुगतो आणि मी दोन मिलिमीटरनं आखूड होतो. याहून अधिक काही माझ्यात आहे, असं मला कधी आढळलेलं नाही.

मित्रांनो, मी जवसाच्या वाखाचा. माझा जन्म इंग्लंडमधल्या ब्रिडपोर्टचा, दोर वळणाऱ्यांच्या गावचा. तिथून ग्वेन पर्किसनं मला न्यू फॉरेस्टमधल्या आपल्या घरी आणलं. ग्वेन जादूटोण्याचे विधी करणाऱ्या विक्का पंथातल्या एका छोट्या मंडळाची प्रमुख. रॉझलिन टिझर्डला दीक्षा दिली, त्या दिवशी तिनं मला रॉझलिनच्या टाळूपासून टाचेपर्यंत धरून कापलं. मग तिच्या कपाळाचा, छातीचा आणि नितंबांचा घेर मोजून गाठी मारल्या. ज्याचं माप प्रमुखाच्या हाती, तो मंडळाशी बेइमान होत नाही, अशी जुनी समजूत. कुठे कुठे माप लगेच परत देतात. ग्वेननं मला टॉफीच्या डब्यात ठेवलं.

रॉझलिन दूध तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. जादूवर तिचा मनापासून विश्वास आहे. सगळ्यांनी वर्तुळात उभं राहून एकच इच्छा मनात धरायची, ती गाठीत बांधायची आणि मग उठून आपल्या वाटणीचं काम करायचं, ही तिची जादू. मंडळातल्या नोराच्या पाठीच्या शस्त्रक्रियेआधी सगळ्यांनी तसं केलं. पण आधी नोराला विचारलं. नंतर महिनाभर रॉझलिन तिच्याकडे सूप घेऊन जात होती. तेव्हा डब्यात पडल्या पडल्या मलाही अभिमान वाटायचा.

पुढे शेजाऱ्यानं शेत विकू नये म्हणून ग्वेननं विधी केला, त्याला न विचारता. रॉझलिननं तेव्हाच मंडळ सोडायचं मनात आणलं. त्याला सहा वर्षं झाली. ती निरोप घ्यायला म्हणून यायची, आणि ग्वेन हसत डब्यावर टिचकी मारायची. रॉझलिन चहा पिऊन परत जायची. माझा धाक दाखवला जातो, हे मला एक दिवसही मान्य नव्हतं.

गेल्या रविवारी दुपारी रॉझलिन ग्वेनकडे आलेली असताना टेसा ब्रे रडत आली. ती ग्वेनची जुनी मैत्रीण, मंडळातलीच.

"माझा मार्टिन न्यूझीलंडला निघालाय, कायमचा! त्याला अडवा गं. फार नको, नुसता पासपोर्ट हरवला तरी पुरे."

"नऊ गाठींचा विधी करू," ग्वेन म्हणाली. "शुक्रवारी सगळ्या जमू."

"मार्टिनला विचारलंस?" रॉझलिननं टेसाला विचारलं.

"त्याला काय विचारायचं? मी आई आहे त्याची!"

"सव्वीस वर्षांचा आहे तो."

"असेल! मोजे अजून मीच रफू करते त्याचे."

"रॉझ, चहा घे," ग्वेन म्हणाली. "इथे दूध नाही तपासायचं. शुक्रवारी फक्त हात धरून उभी राहा."

"कुणाच्या इच्छेवर हात टाकायचा नाही, हे तूच शिकवलंस मला, ग्वेन."

"बाई गं, आता मलाच शिकव!" ग्वेन उठली. तिनं डबा उघडला आणि मला टेबलावर, बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवलं. "हा कुणाचा, ओळखलास, रॉझ?"

टेसा रडायची थांबली.

मित्रांनो, मला जपा, कसर लागू देऊ नका, तेवढा मान माझा आहे. पण मी माप आहे, बेडी नव्हे. मला मुठीत धरून कुणाला गप्प बसवाल, तर त्यात माझा एक धागाही सामील नाही. माझ्या गाठी एका बाईच्या अंगावरून घेतलेल्या आहेत. तिच्या मनाचं माप कुणीच घेतलेलं नाही.

रॉझलिननं मला उचललं, नीट गुंडाळलं आणि ग्वेनच्या हातात परत दिलं.

"हा तुझ्याकडेच राहू दे, ग्वेन," ती म्हणाली. "शुक्रवारी मी येणार नाही. त्यानंतरही नाही. आजपासून मी तुझ्या मंडळात नाही, आणि आत्ता इथून उठून मी मार्टिनला सांगायला जातेय की तुम्ही काय करायला निघालात."