मस्कतला निघालेले विरजण

कोंडीराम जगतापांनी उभ्या जन्मात कोणाकडे चिमूटभर मीठ मागितले नाही. त्यांचे चिरंजीव हरिबा यांच्या मोटेचा दोर ऐन उन्हाळ्यात तुटला, तेव्हा शेजारच्या मळ्यातला दोर मागण्याऐवजी त्यांनी अंबाडी सोलून नवा वळायला घेतला, आणि तो होईतो मिरचीचे वाफे वाळून गेले. हरिबांचे चिरंजीव बाबूराव स्वतःच्या लग्नाला पायीच गेले, कारण घोडा दुसऱ्याचा होता. अशा घराण्याची लेक सत्यभामाबाई तुळजापूरकडच्या वाशीला आण्णासाहेबांशी लग्न होऊन आली, सून झाली, सासू झाली. पण तिच्या नावावर जगात एक उसने राहून गेले. चमचाभर विरजण.

मुलाच्या, कृष्णराजच्या, बारशाच्या आदल्या दिवशी मांजराने दह्याचे गाडगे उलथवले, तेव्हा शेजारच्या इरम्माने ते विरजण दिले होते. पुढे इरम्माच्या यजमानांची बदली झाली, बिऱ्हाड उमरग्याकडे गेले आणि परतफेड राहिली. आज लावलेल्या दह्यातून उद्याचे, असे त्या घरातले दही आजवर त्याच विरजणावर चालत आले होते. आता इरम्मा मस्कतला मुलाकडे राहत होती. तिचे गुडघे गेले होते, परत येणे होणार नव्हते. एकदा फोनवर ती हसत म्हणाली, "सत्ये, माझं विरजण बुडवलंस बघ." इरम्मा हसली, सत्यभामाबाई हसल्या नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी पासपोर्टासाठी फोटो काढून घेतला.

कृष्णराजने बरोबर येण्याची तयारी दाखवली.

"उसनं म्या आणलं होतं," त्या म्हणाल्या. "तू पाळण्यात होतास."

मग तालीम सुरू झाली. चाकांची बॅग ओढत त्या रोज सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येत, आणि गल्लीतली कुत्री त्यांना वाट देत. आण्णासाहेबांना अंगणात खुर्ची टाकून हैदराबादच्या विमानतळावरचा अधिकारी नेमण्यात आले. त्यांनी चष्मा लावून पासपोर्ट उलटा धरला आणि कशासाठी जाताय, असे विचारले. सत्यभामाबाईंनी, तुम्हांला काय करायचंय, असे उत्तर दिले. सून अर्पिता म्हणाली की या उत्तरावर हैदराबादेतूनच माघारी पाठवतील. त्यावर, अधिकाऱ्याला आधी पासपोर्ट सरळ धरायला शिकवा, असा हुकूम सुटला.

खरा प्रश्न दह्याचा होता. पातळ पदार्थ हातात नेता येत नाही, आणि बॅगेत सांडला तर नऊवारीची शोभा होईल, असे अर्पिताने वाचून सांगितले. तेव्हा सत्यभामाबाईंना आपल्या आईची रीत आठवली. पांढरे मऊ फडके दह्यात भिजवायचे, सावलीत कडक वाळवायचे, आणि मुक्कामी पोहोचल्यावर कोमट दुधात सोडायचे. त्यांनी फडके भिजवून गच्चीवरच्या पत्र्याखाली दोरीवर घातले आणि निर्धास्त झाल्या.

निघायला दोन दिवस उरले असता आण्णासाहेब पत्नीच्या प्रवासासाठी देवीआईला साकडे घालायला तुळजापूरला निघाले. दोरीवरचे फडके त्यांना दिसले. इतके पांढरे, इतके ताठ. बायकोने जाता जाता आपल्यासाठी एवढी खळ घातली, या विचाराने त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी ते डोक्याला गुंडाळले.

संध्याकाळी ते प्रसन्न चेहऱ्याने परतले. देवळाच्या वाटेवर एका वासराने आपण होऊन त्यांचे मस्तक चाटले होते. आईची एवढी कृपा आजवर झाली नव्हती, असे ते सांगू लागले. सत्यभामाबाईंना वास आला.

"अहो, तुम्ही माझं विरजण डोक्यावर घेऊन तुळजापूर हिंडलात."

"मला वाटलं खळ हाय," आण्णासाहेब म्हणाले. "उन्हात जरा आंबूस वाटली खरी."

त्या दह्याच्या भांड्याकडे धावल्या. निरोप द्यायला आलेल्या पाहुण्यांसाठी अर्पिताने सगळ्या दह्याची कढी केली होती, आणि पाहुण्यांनी ती दोनदा मागून घेतली होती. भांडे घासून पालथे पडले होते.

समोरच्या घरी सरुबाई राहत होत्या, निवृत्त मुख्याध्यापिका. सत्यभामाबाई पदराआड वाटी घेऊन त्यांच्या ओसरीवर जाऊन बसल्या. सोयाबीनचा विषय झाला. सरुबाईंच्या मुलाच्या, राजपालच्या, नोकरीचा झाला. दोन वेळा चहा झाला. कोंडीराम, हरिबा आणि बाबूराव तिघेही जणू उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते.

अखेर सरुबाई म्हणाल्या, "बाई, वाटी दाखवायला आणलीय, का काही पाहिजे?"

"विरजण," सत्यभामाबाई भिंतीकडे पाहत म्हणाल्या. "उसनं."

"उसनं कशाचं? घर बांधलं तवा तुमच्याकडनंच नेलं होतं, अजून तेच लावतीय. परत करायचं राहूनच गेलं. घेऊन जा, लाजताय काय नव्या नवरीवानी."

नवे फडके वाळेपर्यंत सत्यभामाबाई काठी घेऊन गच्चीवर बसल्या. आण्णासाहेबांना जिना चढायची बंदी झाली.

हैदराबादच्या अधिकाऱ्याने पासपोर्ट सरळ धरला आणि काहीच विचारले नाही. एवढ्या तालमीनंतर हे त्यांना थोडे लागलेच. पण त्या गेल्या, एकट्या गेल्या. मस्कतला पोहोचल्याबरोबर, लुगडेही न बदलता, त्यांनी फडके दुधात सोडले. दुसऱ्या दिवशी दही कवडीदार लागले होते. त्यांनी त्यातले चमचाभर इरम्माच्या वाटीत घातले.

इरम्माने चाखले, डोळे मिटले आणि म्हणाली, "चव तीच. पण सत्ये, तू दोन चमचे नेले होतेस."

सत्यभामाबाईंनी वाद घातला नाही. पातेल्यात दही भरपूर होते, पण ते इरम्माच्या घरच्या दुधाचे; पहिला चमचा फडक्यातल्या विरजणाच्या नावावर खपला. तिचेच दूध तिला देऊन तिचे उसने कसे फिटणार? त्यांनी पदर खोचला, परक्या मुलखातल्या परक्या रस्त्यावर एकट्या उतरल्या, दुकानदाराला खुणेने गाय करून दाखवली आणि स्वतःच्या पैशांचे दूध विकत आणले. ते लावून, दुसऱ्या दिवशी, त्यांनी दुसरा चमचा वाटीत घातला. चांगला शिगोशीग भरून.

"आता फिटलं," इरम्मा म्हणाली, आणि बोट चाटले.