ओदेतेच्या तोंडचं वाक्य

गार्सा टेकडीवर गरिबांच्या खऱ्याखुऱ्या आयुष्याचा सिनेमा निघणार, अशी बातमी आली आणि सगळी टेकडी कामाला लागली. आता गरिबांनी अशा वेळी काय करावं? त्यांनी घरं रंगवली! वर्षानुवर्षं उघड्या विटांच्या भिंती मिरवणाऱ्यांनी एका आठवड्यात निळा, गुलाबी, पोपटी रंग फासला. पोरांना नवे शर्ट, बायकांचे केस सेट केलेले, गल्लीत कागदाचा कपटा दिसेना.

साओ पावलोहून आलेला दिग्दर्शक ओतावियो ते बघून पायरीवर मटकन बसला. विकत घेतानाच फाटकी असलेली त्याची पँट गुडघ्याला आणखी टरकली.

"अहो, हे काय केलंत तुम्ही?"

"पाहुणे येणार म्हणून जरा आवरलं," समोरच्या दारातली ओदेते म्हणाली. "तुमची पँट द्या काढून, टाके घालून देते."

मग ओतावियोच्या माणसांनी त्याच भिंतींना चिखल चोपडला.

सिनेमातल्या आईचं काम ओदेतेलाच मिळालं. साठी उलटलेली बाई, पण हाक मारली तर खालच्या रस्त्यावरची बस थांबेल. टीव्हीवरच्या मालिकेत कुणी रडायला लागलं की ती म्हणायची, "हे काय रडणं? हिला एक कांदा तरी द्या!" जन्मभर तिला वाटत आलं होतं की एकदा आपल्याला संधी द्या, मग बघा. ती संधी घरी चालून आली होती. तिच्या दारासमोर कॅमेरा लावला होता, अख्खी टेकडी बघायला जमली होती, आणि तिला वाक्य होतं एकच.

"'माझं पोर गेलं. मारलं त्यांनी.' एवढंच म्हणायचं," ओतावियो म्हणाला.

ओदेतेचा चेहरा उतरला. "कुणाचं पोर?"

"तुमचं. म्हणजे सिनेमातलं."

"नाव काय त्याचं?"

"नाव नाही, ओदेतेबाई. तो सगळ्यांचाच मुलगा आहे."

"सगळ्यांचा म्हणजे त्यात माझाही आला की!"

तिचा एदिल्सन तिथेच मोटारसायकलला टेकून उभा होता. टेकडीवर लोकांची ने-आण करायचा त्याचा धंदा. तो हसला. "बोल ना गं आई. मी काय लगेच मरतोय?"

"जळो तुझी जिभली!" अशुभ टळावं म्हणून ओदेतेने लाकडी दारावर तीनदा ठकठक केलं. बघ्यांतल्या बायकांनीही हाताला लागेल ते लाकूड वाजवलं. गार्सा टेकडीवर हे वाक्य म्हणायची पाळी कुणा आईवर कधी येईल, नेम नाही. ते आधीच म्हणून कोण ठेवील?

"साहेब, नवरा गेला म्हणू का?" तिने तडजोड काढली. "तो खरंच गेलाय. किंवा सासू घ्या. पण तिच्यासाठी रडू यायचं नाही, आधीच सांगते."

ओतावियोने कपाळाला हात लावला. मदतनीस मुलगी त्याच्या कानाला लागली. शेजारच्या सेलेस्तेचा मुलगा खरोखरच मारला गेलाय म्हणे, दोन टोळ्यांच्या गोळीबारात. ओतावियोचे डोळे चमकले.

"लाज नाही वाटत?" ओदेते कडाडली. "तिला म्हणायला लावता?"

"असू दे गं," सेलेस्ते पदपथावरून पुढे येत म्हणाली. "इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नाही. म्हणते मी."

ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. हात पुसले.

"माझं पोर गेलं. मारलं त्यांनी." थोडी थांबली. "बेकरीत पाठवलं होतं मीच. घरात पाव होता, पण शिळा होता."

"कट!" ओतावियो म्हणाला. "छान हं, सेलेस्तेबाई. पण खरं वाटत नाही. डोळ्यांत थोडं पाणी हवं."

"चुकलं का?" सेलेस्ते ओशाळली. "परत म्हणू?"

ते 'परत म्हणू' ऐकलं आणि ओदेतेचा बांध फुटला. दाराच्या चौकटीत तोंड घालून ती ओक्साबोक्शी रडायला लागली. कॅमेरा गर्रकन तिच्याकडे वळला.

"घ्या, घ्या!" ओतावियो पुटपुटला. "आवाज त्या बाईंचा, चेहरा हिचा. नंतर जोडून टाकू."

ओदेतेने ते ऐकलं. रडणं जागच्या जागी थांबलं. जे वाक्य जिभेवर येऊ दिलं नव्हतं, तेच हे लोक तिच्या तोंडात घालणार होते.

"खोडा ते!" ती कॅमेऱ्यावर धावून गेली. "माझं पोर जिवंत आहे! ऐकताय ना? जिवंत आहे माझा एदिल्सन! हा बघा, हा उभा आहे!" तिने त्याला दंडाला धरून ओढत पुढे आणलं, कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी. "बघा ना नीट! हात लावून बघा!"

ओतावियोच्या डोळ्यांत पाणी तरारलं.

"वा! पोर गेलं हे आई मानायलाच तयार नाही!" मग तो मदतनीस मुलीवर खेकसला, "त्या माणसाला बाजूला कर आधी. मधे येतोय."

मुलीने एदिल्सनचा दंड आईच्या हातातून हळूच सोडवला. तो बिचारा "माफ करा हं" म्हणाला आणि बाजूला झाला.