परक्याचा चेंडू

सन दोन हजार अठरा, ऑगस्ट महिन्यातला तिसरा रविवार, दुपारची वेळ; स्थळ, मिशिगन सरोवराच्या पश्चिम काठावरचे मिलवॉकी शहर आणि त्या शहराच्या बेसबॉल मैदानातली, डाव्या कुंपणामागची उघडी बाके. त्या दिवशी यजमानांचा सामना सेंट लुईसच्या पाहुण्यांशी होता. एका मोसमात असे दीडशेहून अधिक सामने होतात, तेव्हा त्यांतल्या एखाद्याचे फारसे मनाला लावून घेऊ नये, असे शहाणी माणसे सांगतात. बाकांवरच्या मंडळींचे या शहाण्यांशी कधीच पटले नव्हते. हरलेला प्रत्येक सामना त्यांना सुतकासारखा वाटे. एवढेच की ते सुतक दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या चेंडूला फिटत असे.

कॅझिमिर गोरेत्स्की, म्हणजे बाकांवरचा कॅझ, त्या मोसमात प्रथमच बाकांवर आला होता. एप्रिल, मे, जून, जुलै असे महिने उलटले तरी त्याने मैदानाचे तोंड पाहिले नव्हते. ज्या मुलीला तो लहानपणी बोट धरून इथे आणी, आणि पुढे जी त्यालाच ओढून आणू लागली, ती थेरेसा, बाकांवरच्या सर्वांची टेस, फेब्रुवारीत रक्ताच्या दुखण्याने गेली होती. त्या दिवशी निघताना त्याने तिचा चेंडू झेलायचा ग्लव्ह काखोटीला मारला. त्याची चामड्याची वादी तुटल्यावर टेसने बुटाची हिरवी लेस ओवून तो शिवला होता.

"ग्लव्ह कशाला?" बायकोने, आयरीनने, विचारले होते.

"रिकाम्या हाताने जाववत नाही."

आयरीनला काकड्यांचे लोणचे घालायचे होते. ती स्वयंपाकघरातला रेडिओ लावून कामाला लागली.

बाकांवर डोलोरेस फाल्कने त्याला दुरूनच पाहिले आणि शेजारच्या जागेवरची आपली पिशवी उचलली. ती निवृत्त पोस्टमन होती; शब्द 'पोस्टवूमन' असा हवा, असे कुणी सुचवले तर ती त्याचे टपाल अडवण्याची धमकी देई.

"ये रे बाबा. तिची जागा तशीच आहे. जूनमध्ये एक टायवाला बसायला आला होता. त्याला म्हटलं, इथं पक्षी घाण करतात."

"आणि करतात?"

"पलीकडे ऑर्व्हिल बसतो ना. तेवढं पुरे आहे."

ऑर्व्हिल हा शहर बसचा चालक. त्याने तोंडातला सॉसेजचा घास गिळला, बोटांना लागलेली आंबवलेली कोबी पाटलोणीला पुसली आणि कॅझच्या खांद्यावर हात ठेवला. एरवी हा माणूस पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार केल्याशिवाय खाली बसत नसे; त्या दिवशी त्याला शब्द सापडला नाही. "बस," एवढेच तो म्हणाला.

कॅझने नेमका हाच सामना निवडला होता, आणि का ते तिघांनाही ठाऊक होते. सेंट लुईसच्या संघात रुबेन अल्साते होता. सात वर्षे हा अल्साते यजमानांकडून खेळला, तोही डाव्या बाजूला, म्हणजे या बाकांच्या थेट पुढ्यात. टेस त्याला हाका मारी, चुकला की फैलावर घेई, आणि तो मागे न वळता हाताने 'पुरे' अशी खूण करी. असे त्यांचे सख्य. त्याने मारलेला एक तरी चेंडू आपल्या ग्लव्हमध्ये यावा, ही तिची एकुलती एक हौस होती; सात वर्षांत ती पुरी झाली नाही. मग त्या हिवाळ्यात मालकांनी त्याला सेंट लुईसला देऊन टाकले.

आपला जुना खेळाडू परक्या रंगात परत आला, की त्याच्या पहिल्या खेळीला उठून टाळ्या वाजवायच्या आणि दुसरीपासून हुर्यो उडवायची, ही बाकांवरची रीत. त्याप्रमाणे पहिल्या खेळीला सगळे उठले. अल्सातेने शिरस्त्राण काढून चारी दिशांना दाखवले आणि मग डाव्या बाकांकडे, त्या एका जागेकडे, जरा जास्त वेळ पाहिले. कॅझने ग्लव्ह वर केला. त्याला दिसला असेल की नाही, कोण जाणे.

"बघितलंन हो त्याने," डोलोरेस म्हणाली.

"एवढ्या लांबून?" ऑर्व्हिल म्हणाला.

"तुला बसचा थांबा दिसत नाही म्हणून जगाला दिसत नाही असं नाही."

दुसऱ्या खेळीला रीतसर हुर्यो झाली आणि तो बाद झाला. तिसरी खेळी सहाव्या डावात आली. धावा बरोबरीत होत्या, पाहुण्यांचा एक गडी पुढच्या तळावर धावायच्या तयारीत उभा होता. चेंडू टाकणाऱ्या आपल्या पिचरचा हात थकला आहे हे लहान मूलही सांगू शकले असते. संघाच्या व्यवस्थापकाला तेवढे सांगणारे मूल मिळाले नव्हते. पिचरने मऊ, मधोमध चेंडू टाकला आणि अल्सातेने तो असा हाणला, की आवाजावरूनच सगळी बाके सुन्न झाली. चेंडू उंच गेला, उन्हात दिसेनासा झाला आणि मग खाली येऊ लागला. कॅझ उठला नाही, सरकला नाही. त्याने नुसता ग्लव्ह पुढे धरला. पुढच्या रांगेतले तिघे एकमेकांवर कोसळले आणि चेंडू त्यांच्या डोक्यांवरून येऊन हिरव्या लेसच्या ग्लव्हमध्ये बसला.

 मग वरच्या रांगांतून तो घोष सुरू झाला.

"फेक! फेक! फेक!"

प्रतिस्पर्ध्याने मारलेला होमरनचा, म्हणजे कुंपणापार आलेला, चेंडू ठेवायचा नाही, मैदानात परत फेकायचा: परक्याचा चेंडू परक्याला. हा नियम बाकांवर होताच. पण त्याला धार आणली ती टेसने. लग्नाच्या पोशाखात, वऱ्हाडासह आलेल्या एका नवऱ्या मुलाला तिने चेंडू परत फेकायला लावला होता. नवरी तिच्या बाजूने झाली म्हणून ते लग्न टिकेल, असे भाकीतही केले होते. काही धूर्त लोक खिशात जुना चेंडू बाळगतात आणि खरा लपवून तो फेकतात. टेस त्याला खोटे नाणे म्हणे, आणि असे नाणे चालवणाऱ्याशी मोसमभर बोलत नसे.

ऑर्व्हिलने पायाशी असलेल्या बर्फाच्या पेटीत हात घातला आणि एक काळवंडलेला चेंडू कॅझच्या मांडीवर सरकवला.

"हा फेक. कुणाला कळतंय?"

"हा तुझ्याकडे कधीपासून आहे?" कॅझने विचारले.

"आहे झालं. ती असताना बाहेर काढायची छाती नव्हती माझी."

"फेकायचंच कशाला पण?" डोलोरेस घोषावर आवाज चढवून म्हणाली. "परका कोण? सात वर्षं आपलं मीठ खाल्लंय त्याने! तो आपला आहे!"

"अंगावरचा शर्ट बघा, बाई," मागून कुणीतरी ओरडला. "दोन धावा घातल्यात त्याने आपल्या घशात!"

"तू गप रे! शर्ट धुतला की माणूस धुतला जातो होय?"

"फेक! फेक!"

कॅझच्या हाताला चेंडूचे टाके लागत होते. त्याला इस्पितळातली जानेवारीतली संध्याकाळ आठवली. अल्साते सेंट लुईसला गेल्याची बातमी त्यानेच टेसला सांगितली होती. सांगावी की नाही, याचा दिवसभर विचार करून. ती म्हणाली होती, 'म्हणजे आता त्याचा चेंडू आला तर परत फेकावा लागणार,' आणि मग खोकला येईपर्यंत हसली होती.

"ती म्हणाली होती," तो डोलोरेसला म्हणाला. "परत फेकावा लागेल, म्हणाली होती."

"थट्टेत म्हणाली असेल, कॅझ! तिचं अर्धं बोलणं थट्टेतलं असायचं."

"आणि उरलेलं अर्धं?"

कॅझला उत्तर नको होते. मुलीची औषधे संपली होती, पथ्ये संपली होती, तिला भेटायच्या वेळा संपल्या होत्या. सहा महिने तिच्यासाठी करण्यासारखे काहीच उरले नव्हते. तिच्या शब्दाखातर करता येईल अशी ही एकच गोष्ट त्याच्या हाती आली होती, तीही सबंध मैदानादेखत. चेंडू ठेवला तर तिचा नियम तिच्या बापानेच मोडला असे होईल. खोटा फेकला तर त्याहून वाईट. तो उठला. ऑर्व्हिलचा चेंडू त्याने ऑर्व्हिलच्या मांडीवर ठेवला, ग्लव्ह डोलोरेसच्या हाती दिला, आणि साठी उलटलेल्या खांद्यात जेवढा जोर होता तेवढा लावून अल्सातेचा चेंडू मैदानात भिरकावला.

बाके दुमदुमली. अनोळखी लोकांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या. वरच्या रांगेतून बियरचा पेला हातोहात खाली आला. "टेसचा बाप! टेसचा बाप आहे तो!" असे कुणी कुणाला सांगत होते. ऑर्व्हिलच्या डोळ्यांत पाणी आले. डोलोरेसने मात्र टाळी वाजवली नाही. ती मांडीवरच्या ग्लव्हकडे पाहत राहिली.

कॅझ खाली बसला. सारे मनासारखे झाले होते. आता काहीतरी वाटेल, अशी तो वाट पाहत होता. डावा तळहात झेलाने अजून झिणझिणत होता. मैदानात डाव्या बाजूच्या खेळाडूने गवतातला चेंडू उचलला, त्याच्याकडे न पाहताच कडेच्या माणसाकडे टाकला आणि खेळ पुढे सुरू झाला. झिणझिण्या हळूहळू ओसरल्या, हात पूर्ववत झाला, आणि त्याबरोबर कॅझला कळून चुकले, की आपण काय दिले, आणि ते कुणालाही मिळालेले नाही हेही. सातव्या डावाच्या मध्यंतरात नेहमीच्या रिवाजाप्रमाणे सगळे गायला उभे राहिले. त्याला उठता आले नाही.

यजमान दोन धावांनी हरले. ऑर्व्हिलने आवाज सापडताच व्यवस्थापकाच्या बुद्धीचे माप काढले; त्याच्या मते ती सॉसेजच्या कातड्यात भरली तरी जागा उरली असती. निरोप घेताना डोलोरेसने कॅझला ग्लव्ह परत दिला आणि म्हणाली, "पुढच्या रविवारी ये. जागा धरते मी."

कॅझ बाहेर पडला नाही. कुंपणाच्या टोकाला जे छोटे फाटक आहे, तिथल्या म्हाताऱ्या राखणदारापाशी तो जाऊन उभा राहिला.

"मघाशी परत आलेला चेंडू... तो कुठं असेल?"

"तुम्हीच ना ते फेकणारे? अहो, काय फेकलात! आमच्या वयाच्या माणसाचा खांदा निखळला असता."

"तो चेंडू कुठं आहे?"

राखणदाराचा चेहरा बदलला. त्याने फाटक उघडले आणि भिंतीलगतची पांढरी बादली पुढे ओढली. ती चेंडूंनी काठोकाठ भरलेली होती.

"परत आलेले ह्यात पडतात साहेब. उद्या सकाळच्या सरावाला."

कॅझने एक उचलला, फिरवून पाहिला. दुसरा उचलला. तिसऱ्यावर एक निळसर ओरखडा होता, चौथ्यावर तसाच.

"बॅट लागलेल्याला काही खूण उमटत असेल ना?"

"मार तर सगळ्यांनाच बसलेला असतो," राखणदार म्हणाला. मग जरा थांबून, इकडेतिकडे पाहून, "एखादा घेऊन जा. कोण विचारतंय? घरी सांगायचं, हाच तो."

कॅझने हातातला चेंडू काळजीपूर्वक इतर चेंडूंवर ठेवला, जणू तो फुटेल, आणि त्याचे आभार मानून निघाला.

घरात व्हिनेगरचा आणि शेपूचा वास भरला होता. बरण्या ओट्यावर रांगेत उभ्या होत्या, पण काकड्या निम्म्याच भरल्या होत्या. उरलेल्या पाण्यात तशाच तरंगत होत्या. रेडिओ बंद होता. आयरीन स्वयंपाकघरात नव्हती. ती पुढच्या खोलीत टेसच्या फोटोसमोरच्या खुर्चीत बसली होती. फोटोशेजारी खाऊच्या गोळ्या ठेवायचा काचेचा वाडगा होता. त्यातल्या गोळ्या बशीत काढून ठेवलेल्या होत्या. वाडगा धुऊन, पुसून लख्ख केलेला होता.

"रेडिओवाला म्हणाला, हिरव्या लेसचा ग्लव्ह," ती म्हणाली. "एका म्हाताऱ्याने झेलला, म्हणाला. मी तेव्हाच हात पुसले आणि चेंडू यात बसेल म्हणून हा वाडगा घासायला घेतला. पाणी चालू होतं, त्यामुळे पुढचं नीट ऐकू आलं नाही. पुसून इथं ठेवला, तेव्हा तो सांगत होता, सगळे उभे राहिलेत म्हणून."

कॅझ दारातच उभा होता. ग्लव्ह अजून त्याच्या काखेत होता.

"तिचा नियम होता, आयरीन," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर मी कसा मोडायचा? सगळे तिचं नाव घेत होते. ऑर्व्हिल रडला."

"घेत असतील."

"मी नंतर मागायला गेलो. बादलीत गेला होता. दुसरा देत होता तो माणूस, मी आणला नाही. तुला फसवायचं नव्हतं."

"ते बरं केलंस."

ती उठली, बशीतल्या गोळ्या तिने परत वाडग्यात ओतल्या आणि त्याच्याकडे पाहिले. तिच्या आवाजात राग नव्हता.

"चेंडू ठेवायला हवा होतास," ती म्हणाली.